नियमात बसलेला पिंगळा

काकूंचा फोटो काढायचा तेवढा राहिला होता. बाकी सगळं झालं होतं. परदेशातल्या लेकीचं पहिलं बाळंतपण दोन महिन्यांवर आलं होतं, पासपोर्टचा अर्ज भरून त्यावर सही झाली होती, बॅगेच्या चाकांना तेलसुद्धा घालून झालं होतं. आणि फोटोचं म्हणाल, तर नवऱ्याचा स्वतःचा स्टुडिओ, तोही घराच्याच पुढच्या खोलीत. भाजी मंद आचेवर ठेवून स्टुलावर जाऊन बसायचं आणि ती करपायच्या आत परत यायचं, एवढंच काम. पण दिव्याखाली अंधार असतो, आणि या घरात तर दिवे चार होते.

नवऱ्याला अख्खी गल्ली हनुवटीकाका म्हणत असे. तीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढून काढून त्यांच्या तोंडात तेवढंच वाक्य उरलं होतं: "हनुवटी खाली." ते ऐकलं की गिऱ्हाईक हनुवटी वर करायचं. डोळे उघडे ठेवा म्हटलं की मिटायचं. हसू नका म्हटलं की जन्मात न हसलेला माणूससुद्धा फुटायचा. आणि फोटो हातात पडला की प्रत्येक जण म्हणायचा, "हा मी वाटत नाही." त्यावर काका मान वर न करता म्हणायचे, "पासपोर्टचा फोटो असाच येतो." माणसांच्या चेहऱ्यांचा त्यांना इतका वीट आला होता, की दाढी करतानाही ते आरशात बघत नसत. गालावरचे दोन वण त्याची साक्ष देतील.

अशाच एका मरगळलेल्या दुपारी काका खिडकीशी बसून जुन्या लांब लेन्सला बुरशी लागली आहे का ते बघत होते. लेन्समधून मागच्या घराची चुना लावलेली भिंत दिसत होती. भिंतीतून एक लोखंडी सळई बाहेर आली होती आणि त्या सळईवर पिंगळा बसला होता. पिंगळा म्हणजे घुबडाचं वीतभर उंचीचं धाकटं भावंड. तोंड समोर, दोन्ही डोळे सताड उघडे, चोच मिटलेली, खांदे सारखे, मागे पांढरी भिंत. काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हनुवटी खाली."

पिंगळ्याने मान खाली केली.

आता जाणकार सांगतील, की माणूस दिसला की पिंगळा मान खालीवर करतोच, ती त्या जातीची खोडच आहे. सांगोत बापडे. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं होतं. काकांनी फोटो काढला आणि ते तिथेच, लेन्स मांडीवर घेऊन, दिवेलागणीपर्यंत बसून राहिले.

तेव्हापासून काका पक्ष्यांच्या नादी लागले. त्यांनी चिमण्या पाहिल्या, साळुंक्या पाहिल्या, नाल्यावरचा खंड्याही पाहिला. पण धंदा अंगात मुरलेला. चिमणी एकच गाल दाखवते म्हणून बाद. साळुंकी तोंड मिटत नाही म्हणून बाद. खंड्याच्या मागे गवत, म्हणजे पार्श्वभूमी अमान्य. समोरून बघितला तर प्रत्येक पक्षी नुकताच कुणाशी तरी भांडून आल्यासारखा दिसतो, आणि दोन्ही डोळे एकदम म्हणून सापडत नाहीत. नियमात बसणारा एकच होता.

मग पिंगळा सारखा नजरेसमोर राहावा म्हणून काकांनी स्टुडिओच आडवा केला. आधी खिडकी काकांच्या पाठीशी होती, ती आता बाजूला आली. आता फोटोवाला जिकडे बघतो, तिकडेच गिऱ्हाईक बघतं. काकांची एक नजर खिडकीत, म्हणून समोरच्याच्या दोन्ही नजरा खिडकीत. आठवडाभर गल्लीतल्या झाडून सगळ्यांचे फोटो असे आले, जणू त्यांना बाजूने कुणीतरी हाक मारली आहे. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

काकू रोज फोटोचं विचारत आणि काका रोज उद्या म्हणत. उजेड चांगला असला की तो पिंगळ्यासाठी लागायचा आणि वाईट असला की काका खिन्न असायचे. लेक तिकडून फोन करून विचारायची. काकू तिला सांगायच्या, की बाबांना सध्या वेळ नाही, एका घुबडाकडे मोठं काम चालू आहे. बाराव्या दिवशी काकूंनी शेगडी बंद केली, हात पुसले आणि सरळ जाऊन स्टुलावर बसल्या.

"काढा."

"अगं, आत्ता तो अंग फुलवून बसलाय. पाचच मिनिटं."

"लेकीला किती मिनिटं थांबायला सांगू?"

काकांनी कॅमेरा उचलला. बोटाने बटण दाबलं, पण मान खिडकीकडे. काकूंनी त्यांच्या नजरेमागून नजर नेली. फोटो निघाला. काकांनी बघतेस का म्हणून विचारलं, तर त्या भाजीकडे निघून गेल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "मला माहीत आहे कशी आले असेन ते."

त्याच दुपारी काकांना आणखी एक काम होतं. गावातल्या पक्षिमित्र मंडळाने पक्ष्यांच्या फोटोंची स्पर्धा ठेवली होती. काकांनी पिंगळ्याचा सर्वांत उत्तम फोटो निवडला आणि पासपोर्टच्या आकारात छापला, कारण दुसरा आकार त्यांच्या कापायच्या यंत्राला ठाऊकच नव्हता. टेबलावर दोन्ही फोटो पालथे पडले, कारण डिंक पाठीला लागतो. तीस वर्षांचा हात. बघायची गरजच काय? काकांनी एक फोटो अर्जावर चिकटवला, दुसरा स्पर्धेच्या कागदावर. या सगळ्या वेळात ते खिडकीतून बघत होते, कारण पिंगळा मान गोल फिरवून पाठीमागे बघत होता, आणि ते दृश्य कुणी सोडावं? दोन्ही कागद घडी घालून आपापल्या पाकिटात गेले. आयत्या वेळी घाई नको म्हणून काकांनी पाकिटं लगेच बंदही करून टाकली.

दुसऱ्या दिवशी काकू पासपोर्टच्या कचेरीत गेल्या. तिथे रांगेत निम्मी गल्ली उभी होती. खिडकीवरच्या बाई हातात प्लॅस्टिकची पट्टी घेऊन फोटो मोजत होत्या आणि एकेकाला परत पाठवत होत्या. नर्सचा फोटो बाद: नजर कॅमेऱ्यात नाही. ड्रायव्हरचा बाद: मान वळलेली. सगळे मिळून फोटो काढणाऱ्याचा उद्धार करत होते. काकू खाली मान घालून बॅगेची चेन उघडझाप करत राहिल्या. लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी नवऱ्याची ओळख लपवण्याची पाळी त्यांच्यावर आली.

त्यांचा नंबर आला तेव्हा बाईंचे डोळे दमून चुरचुरत होते. त्या चेहरे बघत नव्हत्या, मापं बघत होत्या. पट्टी लावली. दोन्ही डोळे उघडे. तोंड बंद. हसू नाही. पार्श्वभूमी पांढरी.

"सकाळपासून पहिला नियमात बसणारा फोटो," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला. कुठे काढला म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा काकूंनी रांगेकडे बघून आवाज खाली केला आणि गावाबाहेर म्हणून सांगितलं.

पासपोर्ट घरी आला तेव्हा विमानाला दोन दिवस उरले होते. काकूंनी तो उघडला. बराच वेळ बघितला. मग काकांपुढे धरला.

"हा कोण?"

"पिंगळा," काका म्हणाले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"ते कळतंय मला."

काका घाईघाईने सांगू लागले, की ते स्वतः कचेरीत जातील, गुन्हा कबूल करतील, हातापाया पडतील, महिन्याभरात नवा मिळेल. काकूंनी दिनदर्शिकेकडे बघितलं. महिन्याभरात बाळ पालथं पडायच्या गोष्टी करायला लागेल. त्यांनी पासपोर्ट बॅगेत टाकला.

"तीस वर्षं लोकांना काय सांगताय तुम्ही?"

काकूंनी बॅगेची चेन ओढली.

"पासपोर्टचा फोटो असाच येतो. मग येऊ दे."

पुढचं तुम्हाला खोटं वाटेल, पण ज्याने विमानतळावरची रांग पाहिली आहे त्याला वाटणार नाही. काकू दोन दिवस झोपल्या नव्हत्या. लेकीसाठी बांधलेल्या डब्यांचं वजन तीनदा करून झालं होतं. साडेचार तास त्या उभ्या होत्या, आणि गोल भिंगांचा चष्मा नाकाच्या टोकावर उतरला होता. अशा अवस्थेत माणूस आपल्या पासपोर्टातल्या फोटोसारखा दिसू लागतो. अधिकाऱ्याने फोटो बघितला, काकूंकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. काकूंनी पापणी हलवली नाही.

"फोटोत जरा ताज्या दिसताय," तो म्हणाला.

"थोडा जुना आहे," काकू म्हणाल्या. त्याने जांभई देत शिक्का मारला.

बाळ सुखरूप झालं. काका घरी एकटे राहिले. पिंगळाही सळई सोडून कुठेतरी गेला. पिठलं करपवून खाण्याचे दिवस चालले होते, त्यात एकदा मंडळाचं पत्र आलं. सोबत फोटो परत पाठवला होता. चिटणिसांनी लिहिलं होतं: "आपल्या फोटोत पक्षी आढळला नाही. सभासदांनी भिंग लावूनही पाहिलं. परंतु फोटोतल्या बाई बाजूला ज्याच्याकडे बघत आहेत, तो पक्षीच आहे याबद्दल कुणाला शंका नाही. असं बघणं आमच्या जुन्या सभासदांनाही जमत नाही. बक्षीस देता येत नाही, क्षमस्व. बाईंना मात्र मंडळात पाठवावं."

काकांनी तो फोटो पहिल्यांदा सुलटा धरून बघितला. मग फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"हसतेय का मी त्यात?" काकूंनी विचारलं.

काका फोटो घेऊन खिडकीपाशी गेले. "थोडीशी. एकाच बाजूला."

"मग चालायचा नाही तो. ठेवा आता. इथे कुंपणावर कुणीतरी येऊन बसलाय, छातीवर ठिपके आहेत. बाळ उठायच्या आत बघून घेते."

काकांनी तो फोटो मोठा करवून घेतला. त्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या दुकानात जावं लागलं, ते असो. स्टुडिओच्या दर्शनी काचेत त्यांनी तो लावला. दुसऱ्या दिवशी नर्स पुन्हा फोटो काढायला आली. आत येताना तिची नजर काचेकडे गेली होती; स्टुलावर बसता बसता तिने विचारलं.

"काकू ना या? अगदी काकूच."

तीस वर्षांत काकांनी हे वाक्य एकदाही ऐकलं नव्हतं. ते बराच वेळ कॅमेऱ्याचं बटण पुसत राहिले.

"हनुवटी खाली," ते म्हणाले.