दगडूआबांचा प्रलय

आमच्या लोणखेड्यात नवा माणूस आला, की लोक त्याला गाव विचारतात, आडनाव विचारतात, फारच धीट असले तर पगार विचारतात. माझे शेजारी दगडूआबा विचारतात, "तुमनामा दुनिया कशी बुडस?" म्हणजे, तुमच्यात जगबुडी कशी होते?

प्रश्न चेष्टेचा नसतो. उत्तर मिळेपर्यंत आबा जागचे हलत नाहीत. गल्लीतल्या एका मुलीला बघायला मंडळी आली, पोह्यांच्या बशा फिरल्या, आणि आबांनी मुलाच्या वडिलांना गाठून तेच विचारलं. बिचाऱ्यांचा घास घशात अडकला. मुलीचे वडील घाईघाईने म्हणाले, "मनावर घेऊ नका, आबा सगळ्यांनाच विचारतात." तेव्हा पाव्हण्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "आमच्याकडे आगीने." आबा समाधानाने मागे टेकले. लग्न जमलं, हे सांगितलेलं बरं.

आबा शहाद्याला एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. धडगाव, खापर, अक्कलकुवा, नंदुरबार अशा सगळ्या फेऱ्या त्यांनी केल्या. ह्या नोकरीत बाकीचे लोक कंबरदुखी कमावतात, आबांनी प्रलय कमावले. तिकीट फाडून झालं की ते जागा मिळेल तिथे बसायचे आणि शेजारच्याकडून त्याच्या धर्मातला, जातीतला, गावातला जगाचा शेवट काढून घ्यायचे.

नंदुरबारच्या एका जैन व्यापाऱ्याने त्यांना सांगितलं, की काळ उतरत जाईल, माणूस हातभर उंचीचा होईल आणि नदीकाठच्या बिळांत राहील. हे ऐकून आबा मनापासून खूश झाले. "म्हंजे पन्नासनी गाडीमा दोनशे बसतीन, मास्तर. उभं कोणीच ऱ्हावाव नही." एका शिंपीचाचांनी सांगितलं, की शेवटच्या दिवसांत सूर्य पश्चिमेकडून उगवेल. तेव्हापासून आबा सकाळी ओट्यावर आले की आधी पश्चिमेला बघतात, मग पूर्वेला, आणि मग तोंड धुतात. मिशनच्या शाळेतल्या एका बाईंकडून त्यांना कळलं, की देवदूत कर्णा फुंकतील. त्यामुळे लग्नसराईत बँडवाल्याने पिपाणी तोंडाला लावली, की आबा घराबाहेर येतात, आभाळ नीट न्याहाळतात आणि परत आत जातात.

कल्कीचं प्रकरण तर अजून अवघड. कल्की पांढऱ्या घोड्यावर, हातात तलवार घेऊन येणार. आमच्याकडचा नवरदेव पांढऱ्या घोडीवर, हातात कट्यार घेऊन येतो. आता ओळखायचं कसं? आबा प्रत्येक वरातीला थांबून हात जोडतात. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हासू नको, मास्तर. आपन हाससूत अन तोच निंघी."

पण त्यांचा सगळ्यांत लाडका प्रलय डोंगरातला. धडगावच्या गाडीत एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याने सांगितलेला. सगळीकडे पाणी झालं, माणूस म्हणून उरला नाही, फक्त एक भाऊ आणि एक बहीण लाकडाच्या मोठ्या पेटीत बसून तरले. सोबत एक कोंबडा. पाणी ओसरल्यावर कोंबडा आरवला आणि जग पुन्हा सुरू झालं. आबांनी म्हाताऱ्याला विचारलं, "इतका दिन एका पेटीमा, अन त्या भांडनात नही?" म्हातारा हसला म्हणे. म्हणाला, एवढ्या पाण्यात भांडून जायचं कुठं?

हे वाक्य सांगताना आबा दर वेळी जरा थांबतात. मी ते पंधराएक वेळा ऐकलं असेल. शिक्षक असल्यामुळे तेच तेच ऐकायची आणि ऐकवायची मला सवय आहे.

वर्षातून एकदा आबा तारीख जाहीर करतात. ती कुठून काढतात, देव जाणे. मग त्यांची शेवटची फेरी निघते. धुतलेला सदरा घालून ते घरोघर जातात, उसना आणलेला पाना, स्क्रूड्रायव्हर, एखादं पातेलं परत करतात, "काही चुकनं व्हई तं माफ करा" म्हणतात आणि निघताना प्रत्येकाला त्याचं अडलेलं काम सुनावतात. "आवरी ल्या, भाऊ. टाईम कमी शे." तारीख टळली, की आबांना कसलाही संकोच नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कोणी टोमणा मारलाच, तर शांतपणे म्हणतात, "गाडी लेट शे. रद्द नही."

लोक हसतात, पण कामं आवरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकाने दोन वर्षं दाबून ठेवलेलं दुखणं डॉक्टरांना दाखवलं आणि वेळेत दाखवलं म्हणून आज तो हिंडतो-फिरतो आहे. माझी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चार वर्षं नाही म्हणत होती. मी समजावलं, माझी बायको सुनंदाने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. आबांनी एवढंच विचारलं, "परलय देखाले डोया नको का, आक्का?" आई दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशनला तयार झाली. ह्या एका गोष्टीसाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो. पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही.

माझं अडलेलं काम गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. माझा थोरला भाऊ नंदुरबारला राहतो. आम्ही सहा वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. कारण सांगायलाही लाज वाटते. आमच्याकडे श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी बसते, आणि दादा म्हणाला, थोरला मी, आता कानबाई माझ्या नव्या घरी बसेल. मी म्हणालो, आई आहे तोवर आईच्या घरी. पाव्हण्यांसमोर मी दोन शब्द जास्त बोललो. दादा ताटावरून उठला. त्यानंतर कानबाई आली की आई फक्त एवढंच म्हणायची, "दोन्ही पोरं एक पंगतले बठेल देखसू तं मी सुटसू." हे ऐकलं की मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

गेल्या वर्षी आबांनी श्रावणी पौर्णिमेची तारीख दिली. कानबाईचा रविवार त्याच्या पाच दिवस आधी होता.

बाहेरच्यांसाठी इथे रोटाचं सांगायला हवं. कानबाईच्या नैवेद्याला रोट म्हणतात. भाऊबंदांत जेवढे पुरुष, तेवढ्या मुठी गहू मोजून घ्यायचे (आमच्या घरी रोटाची एक मूठ म्हणजे सव्वा शेराचं माप), दळायचे, आणि त्या पिठाच्या पुरणपोळ्या, सोबत खीर, आमटी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हे सगळं भाऊबंदांनीच खायचं. बाहेरच्याला कण द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत पीठ संपवायचं. आमच्या आईचा ह्या बाबतीत कडक कारभार. एकदा मी शाळेच्या डब्यात अर्धी पोळी नेली, तर तिने मला शाळेतून परत बोलावलं होतं. तेव्हा मी विद्यार्थी नव्हतो, मुख्याध्यापक होतो.

तर गहू मोजायच्या दिवशी आईच्या डोळ्याला नुकत्याच झालेल्या ऑपरेशनची पट्टी, वर काळा चष्मा. माप भरणार तीच, पण मोजून सांगायला कोणीतरी हवं. मी शाळेत, सुनंदा स्वयंपाकघरात. आबा ओट्यावर होते. तीस वर्षं चालत्या गाडीत माणसं मोजलेला हा माणूस. डेपोत ख्याती होती, की दगडूने बेल मारली म्हणजे माणसं पुन्हा मोजायची गरज नाही.

आमच्या घरात पुरुष तीन. मी आणि माझे दोन मुलगे. चक्कीवरून पीठ आलं तेव्हा सुनंदा चकित झाली. तिने मला बोलावलं, मी आबांना.

"आबा, किती मूठी मोज्यात?"

"सात."

"अहो, आम्ही तीन!"

"तीन?" आबांनी बोटं धरली. "तू, तुन्हा दोन. तुन्हा दादा, त्याना दोन, अन नातू. सात. चुकनं का काही?"

"दादाला कशाला मोजलं?"

"परलय येई ऱ्हायना, मास्तर. गाडी सोडाना पहिले सगळा मोजना पडतस."

मी आईकडे पाहिलं. ती काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून बसली होती. एकदा कानबाईच्या नावाने काढलेला गहू परत पोत्यात जात नाही, एवढंच ती बोलली. तीन आणि सात ह्यांतला फरक माझ्या आईला कळला नसेल, असं मी आजही मानत नाही.

रविवारी आम्ही पुरणपोळ्या खाल्ल्या. सोमवारी नदीवर कानबाई बोळवून आलो आणि पुरणपोळ्या खाल्ल्या. मंगळवारी माझा धाकटा मुलगा ताट बघून मित्राकडे अभ्यासाला गेला. बुधवारी मी शाळेतल्या तासाला उभ्या उभ्या पेंगलो. डब्यातलं पीठ कमी होईना. बुधवारी संध्याकाळी आई म्हणाली, "पुनव परवा शे. रोट उरना तं मी तोंडमा पानी लेवाव नही." ती म्हणते ते करते, हे मला माहीत होतं.

मी फोन लावला. सहा वर्षांनी. दादाने उचलला. मी म्हणालो, "दादा, रोट उरना शे."

"किती?"

"सात मूठीना करी टाका. तुमना चौघासनाबी."

मला वाटलं, आता म्हणेल, आमची कानबाई आमच्या घरी झाली, आमचा रोट आम्ही खाल्ला. मी घाईने म्हणालो, "तुमच्याकडचा झाला असेल, तर…"

"आम्ही बसाडीच नही," दादा म्हणाला. "सहा वरीस व्हयनात. एक घरनी एकच कानबाई. मी दुसरी कशी बसाडू?"

सहा वर्षं मी समजत होतो, की त्याने तिकडे स्वतःची मांडली आहे. सहा वर्षं तो श्रावणातला तो रविवार नुसताच काढत होता. मी खाली बसलो आणि रडलो, हे लिहायला मला काही वाटत नाही.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी दहाला दादाची गाडी दारात उभी राहिली. दादा, वहिनी, दोन मुलगे, सून, नातू. डॉक्टरांनी आईला रडायला सक्त मनाई केली होती. ती तिने पहिल्या पाच मिनिटांत मोडली. मी दादाच्या पाया पडलो. तो म्हणाला, "जाडा व्हयना रे तू." मी म्हणालो, "पाच दिन रोट खाई ऱ्हायनू." आणि मग आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

पंगत बसायच्या आधी मी आबांकडे गेलो. ते धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते. आज त्यांची तारीख होती. मी त्यांचे हात धरले आणि म्हणालो, "आबा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"मन्ह काय? मोजनीमा चूक व्हयनी," ते म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, "मन्हाबी भाऊ व्हता, मास्तर. धाकला. सुरतले गया कामले. त्याना पहिले आमनं काहीतरी व्हयनं. काय व्हयनं ते आते याद बी नही. अकरा वरीस बोलनूत नही. मी धडगावना गाडीमा व्हतू, तठे निरोप उना, भाऊ गया. मी बेल मारी. लोकेसले घर पोचाडना व्हतं ना."

मग म्हणाले, "दुनिया बुडस तवय आवाज नही व्हस, मास्तर. गाडी चालूच ऱ्हास. बाजूले तो पावरा बाबा बठेल व्हता. मन्ह तोंड देखी त्यानी ती पेटीनी गोट सांगी. मंग मी सगळासलेच इचारू लागनू."

आबांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली. मुली सासरी. त्यांच्या कुळात कानबाई बसवायला आता दुसरा पुरुषच नाही, हे मला कधी सुचलंही नव्हतं. शेजारी राहून मी फक्त त्यांच्या गमती मोजत आलो होतो.

तेवढ्यात दादा बाहेर आला. हातात वाढलेलं ताट, पुरणपोळी, खीर, आमटी, भाजी. त्याने ते आबांपुढे ठेवलं. मी चमकलो. आबा तर उठूनच उभे राहिले.

"नही नही. हाई भाऊबंदनं शे. मी कसा खाऊ? आक्का देखी तं…"

आक्का दारातच उभी होती, काळा चष्मा लावून.

"बठ खाले, दगडू," ती म्हणाली. "तू सात मोज्यात, तू उठी गया, मंग मी आठवी मूठ टाकी."

तीस वर्षांत ज्याची मोजणी एकदाही चुकली नव्हती, तो माणूस माझ्या आईकडे बघत राहिला. मग खाली बसला, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि ताट जवळ ओढलं. दादा आत गेला आणि आपलं ताट घेऊन आला. मीही माझं आणलं. आम्ही तिघं त्या ओट्यावर एका ओळीत जेवायला बसलो, आणि आई आम्हाला वाढत होती.