घोटाभर शाई

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेसुरले दात गळून पडोत.

एका घरात सासरे होते. जन्मभर बस चालवली, ब्रेक दाबून दाबून उजवा घोटा सुजला तो कायमचा. सून प्रयोगशाळेत. डाळिंबाच्या सालीत सूज उतरवणारं काय असतं, ते ती शोधत होती. साली घरच्याच गच्चीत वाळायच्या, म्हणून सासऱ्यांची कुरकुर, की एवढं शिकून शेवटी कचराच सुकवायचा.

एकदा घोटा भलताच ठणकला. घरात कुणी नाही, फळीवर सालीच्या भुकटीची बरणी. सासरे म्हणाले, औषध घरात असताना डॉक्टर कशाला? पाय मावेल अशी लोखंडी कढई काढली, अख्खी बरणी उकळली, कोमट झाल्यावर पाय बुडवून पेपर वाचता वाचता पेंगले. जाग आली तर पाय काळाकुळकुळीत.

तेवढ्यात सासूबाई बाजारातून आल्या. पाय बघितला आणि आता कापणार म्हणून गळा काढला. शेजारीण धावली, डॉक्टरला घेऊन आली. त्यानं चिमटा काढला तर सासरे कळवळले, म्हणजे पाय जिवंत. मग काळा का, ते त्यालाही कळेना. सासऱ्यांना पायापेक्षा रिकाम्या बरणीची धास्ती. दुसऱ्याच दिवशी सून ती प्रयोगशाळेतल्या साहेबांपुढे ठेवणार होती.

सून आली. कढई बघितली, पाय बघितला, हसू दाबलं. "बाबा, सालीतला तुरटपणा लोखंडाला भेटला की शाई होते. तुम्ही शाईत बसलात."

"आणि तुझी मेहनत?"

"शाईतच गेली."

"माझ्या एका पायापायी."

"मग? डाळिंबाच्या मागे मी लागले, ती कुणाचा घोटा बघून?"

सासऱ्यांनी पेपर तोंडापुढे धरला. बराच वेळ पान काही उलटलं नाही.

साहेबांनी मुदत वाढवून दिली. तेव्हापासून घरात सकाळ-संध्याकाळ डाळिंब. गच्चीत साली सासरेच वाळवतात, चिमण्यांना हाकलतात. सून दमून आली की वाटी पुढे करतात, "बस गं बाळ, दाणे सोललेत." आणि घोट्याची सूज? ती त्याच दिवशी उतरली.

बरं, नाही उतरली. तेवढं पदरचं घातलं. एखादा दात गेला तर जाऊ दे, डाळिंबाचा रस पिता येतो.