कंग्राळीचा कप्तान

आमच्या कंग्राळीतले बाळाप्पा वारा बघितल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. घराच्या कौलांवर त्यांनी बांबू उभा केलाय आणि बांबूला जुन्या धोतराची चिंधी बांधलीय. सकाळी "आप्पा, चहा घेणार काय?" म्हणून विचारलं, तरी आधी चिंधीकडे नजर जाते, मग आवाज येतो, "घेऊया. वारं मागनं हाय." वारा पुढून असला तर नेलेला चहा बहुधा आपल्यालाच प्यावा लागतो. कुणी भलतंसलतं बोलू लागलं की त्यांचं एकच, "वारं बघून बोल रं."

आमच्या नदीत उन्हाळ्यात म्हैससुद्धा धड बुडत नाही. अशा गावात या माणसाने अंगणात शिडाची होडी बांधली. आयुष्य बस डेपोत मेकॅनिक म्हणून गेलं. निवृत्त झाले, फणसाच्या फळ्या आणल्या आणि ठोकाठोक सुरू केली. लग्न केलेलं नसल्यामुळे अडवणारं कोणी नव्हतं. होडी पुरी होईपर्यंत तिच्यात कोंबडीने दोनदा पिल्लं काढली. शिडासाठी त्यांनी मंडपवाल्याकडून जुनं कापड आणलं, लाल-पिवळ्या पट्ट्यांचं. तेव्हापासून गाव त्यांना कप्तान म्हणतं. ते वरवर रागावतात, पण त्यांना ते आवडतं हे मी शेजारी म्हणून शपथेवर सांगतो.

होडी कशासाठी, हे मात्र त्यांनी मला नागपंचमी जवळ आल्यावर सांगितलं.

आप्पांचं मूळ गाव हिडकल धरणाच्या पाण्याखाली आहे. ते शाळेत असताना गाव उठलं आणि वडिलांनी कंग्राळीत जमीन घेतली. थोरल्या शेवंताआक्काचं लग्न त्याआधीच जवळच्या उंचावरच्या गावात झालं होतं. ते गाव वाचलं. पाणी त्याच्या पायथ्याशी येऊन थांबलं, तिथे होड्या लागू लागल्या आणि लोक त्याला बंदर म्हणू लागले. आमच्याकडे पंचमीला भाऊ बहिणीला माहेरी आणायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. आप्पा दर वर्षी मुराळी होऊन गेले, आधी बसने, नंतर भाड्याच्या गाडीने, आणि दर वर्षी एकटेच परत आले. आक्काचं उत्तर ठरलेलं. "माझं माहेर पाण्यात गेलं. कंग्राळी तुझं गाव, माझं न्हवं." मग पंचमीच्या लाह्या आणि तंबिटाचे लाडू आप्पा एकटेच खात बसायचे.

"आता तिचं गुडघं गेल्यात, विज्या," ते म्हणाले. "ह्या येळंला न्हाय आली तर परत कवा येती? माहेर पाण्यात हाय म्हणती न्हवं? मग होडीनंच न्ह्यावी म्हटलं."

पंचमीच्या आदल्या दिवशी टेम्पोत होडी घालून आम्ही धरणाच्या काठाला गेलो. खलाशी मी. श्रावणातलं पाणी काठोकाठ होतं. मध्यावर गेलो आणि वारा पडला. बराच वेळ जागच्या जागी डुलून मी विचारलं, "आप्पा, वल्हं मारू काय?"

"मुराळी वल्हं मारत जातोय व्हय रं? शिडानं जायाचं. रुबाबात."

रुबाबात आम्ही दुपारपर्यंत भाजत बसलो. शेवटी वाऱ्यालाच आमची दया आली.

बंदर म्हणजे दगडी धक्का, माशांच्या टोपल्या आणि चहाच्या दोन टपऱ्या. आमचं शीड बघून माणसं धक्क्यावर जमली. एका कोळ्याने हात तोंडाशी धरून कानडीत विचारलं, "यारदरी मदवी?" म्हणजे लग्न कुणाचं? मंडपाचं कापड बघून त्याला वऱ्हाड येतंय असं वाटलं होतं.

"लगीन न्हाय," आप्पा ताठ उभे राहून म्हणाले. "मुराळी आलाय."

आक्का दारातच बसली होती. "परत आलास व्हय?" ती म्हणाली.

"आलो. पर कंग्राळीला न्ह्याया न्हाय. आपल्या गावाला जाऊया, आक्का. होडी आणलीया."

ती धक्क्याकडे बघत राहिली. आत गेली आणि नवं लुगडं नेसून आली.

तिला होडीत बसवून आम्ही निघालो. एका जागी आप्पांनी शीड उतरवलं. "हितंच."

"हितं चावडी हुती रं," आक्का म्हणाली. "आपल्या दारातनं त्यो ल्हान डोंगर मोठ्याच्या आड जायाचा. हितनं दिसतोय की. जरा खालच्या अंगाला घे."

कुणाचं कधी न ऐकणारे कप्तान "व्हय" म्हणाले आणि त्यांनी मुकाट्याने वल्हं उचललं. थोडं पुढे गेल्यावर आक्काने हात वर केला. सगळीकडे गढूळ पाणीच होतं, पण तिची नजर एका जागी ठरली होती.

माहेरी आलेल्या लेकीवरून दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तिच्या पायांवर पाणी घालतात. हे काम आईचं. आप्पांनी फडक्यातून भाकरीचा तुकडा काढला आणि चाचपडत ओवाळला. हात उलटाच फिरला आणि तुकडा मोडून निम्मा माझ्या अंगावर पडला. एरवी मी हसलो असतो, पण आज तो उचलून पाण्यात सोडला. मग त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि आक्काच्या पायांवर सोडलं.

आक्काने होडीच्या काठाला हात लावून तो कपाळाला टेकवला. "आई, आलो गं," ती पाण्याकडे बघून म्हणाली.

मग तिने पदराने डोळे पुसले आणि भावाकडे नीट बघितलं. "किती वाळलास रं, बाळू. घरात रांधतंय कोण?"

"मीच की."

"मग चल कंग्राळीला. माहेरला जाऊन झालं. आता भावाच्या घरला यायला काय हाय?"

आप्पांनी शिडाचा दोर धरला, पण त्यांना तो ओढवेना. शेवटी मीच ओढला.