पाद्रीबुवांची पापणी हलली

ब्राम लॉटरनं बंदूक निवडायला जेवढा वेळ घेतला, तेवढा बायको निवडायलाही घेतला नव्हता. आणि हे तो बायकोसमोरच छाती फुगवून सांगायचा!

"मार्लीझ, रानरेडा मला बघेल त्याच्या आधी मी त्याच्या पापण्या मोजलेल्या असतील!"

"पापण्या रेड्याच्या मोज नाहीतर गाढवाच्या," मार्लीझ म्हणाली. "माझ्या बापाला तेवढं जिवंत घरी आण."

सगळं घोडं इथंच अडलं होतं. तिच्या वडिलांना, म्हणजे ऊम फानना (तिकडं काकाला ऊम म्हणतात), येत्या हिवाळ्यात शेवटचा एक रेडा मारायचा होता. एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे कुरकुरणारे, तरी हट्ट म्हणजे हट्ट! पाठीशी दुसरी बंदूक घेऊन कुणीतरी चालेल, एवढं त्यांनी कसंबसं कबूल केलं होतं, आणि तो कुणीतरी म्हणजे ब्राम, हे मार्लीझनं परस्पर ठरवून टाकलं होतं. म्हाताऱ्याची अट एकच. आधी पाद्रीबुवांसमोर उभं राहून दाखव!

पाद्रीबुवा म्हणजे लाकडी रेडा. डोंगराच्या पायथ्याशी, जिथं धुकं उतरतं तिथंच, शिकारी मंडळींचं नेमबाजीचं मैदान होतं. रुळांवर एक गाडा आणि गाड्यावर हे महाशय. खरी शिंगं, खरं कातडं, काचेचे डोळे. मोटारीनं दोर ओढला की ते थेट अंगावर धावून येत, आणि चुन्याच्या रेघेशी पोचायच्या आत त्यांच्या कपाळात गोळी घालावी लागे. रंग काळाकभिन्न, आणि समोर आले की भल्याभल्यांना आपली पापं आठवत, म्हणून हे नाव. आपल्याकडं रेडा दिसला की त्यावर बसलेला यम आठवतो. त्या मुलखात यमाची गरज नाही, रेडा एकटाच पुरतो.

बंदूकवाल्या विकुसनं ब्रामला नीट समजावलं होतं.

"हे बघ, रेडा लांबून मारायचा नसतो. झुडपातून निघतो तेव्हा तुमच्या दोघांत एक बैलगाडी मावेल एवढीच जागा उरते. चारशे सोळाची घे, जाड गोळीची. वर छोटी दुर्बीण बसव, एकपटीवर ठेवता येते ती. नाहीतर नुसती नळीवरची नेम धरायची माशी बरी."

बंदूक ब्रामनं त्याचं ऐकून घेतली. दुर्बीण मात्र घेतली चोवीसपटीची! का? तर दुकानाच्या दारातून त्यानं समोरच्या टेकडीवरचं माकड पाहिलं आणि त्या माकडाच्या कानातला मळ दिसला.

"अरे, ही डोळ्याला फार चिकटून बसते," विकुस कळवळून म्हणाला. "आणि या बंदुकीची लाथ घोड्यासारखी आहे!"

"माझ्या खांद्याची काळजी तू करू नकोस."

"खांद्याची कोण करतंय?"

घरी आल्यावर ऊम फाननं ती दुर्बीण उलटीसुलटी करून पाहिली. "छान आहे हो, जावईबापू. रेडा आला की हीच काढून त्याच्या डोक्यात घाल."

परीक्षेच्या सकाळी धुकं असं दाटलं होतं, की हात लांब केला तर स्वतःची बोटं ओळखीची वाटेनात. झाडांवरून पाणी ठिबकत होतं. पत्र्याच्या शेडमध्ये टॅनी हेस्टर, म्हणजे हेस्टरकाकू, सगळ्यांना कॉफी आणि टोस्ट देत होती. पाद्रीबुवा घडवले ते तिच्या नवऱ्यानं. ऊम सारेल शरदात वारले, तेव्हापासून मैदान तीच सांभाळायची.

"धुकं उठेपर्यंत कुणी नेम धरायचा नाही," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तशीही ही सारेलची वेळ आहे."

कॉफी ढवळणाऱ्या कुणीतरी चमचा थांबवून विचारलं,

"म्हणजे?"

"रोज पहाटे तिकडून श्वास ऐकू येतो. मोठा, दमेकऱ्यासारखा. सारेलचा होता तस्सा! आणि पाद्रीबुवांच्या नाकाला मी काळा रंग लावते, तो दुसऱ्या दिवशी साफ पुसलेला. मी केलेलं रंगकाम त्याला जन्मात पसंत पडलं नाही बघा."

सगळे हसले, पण कॉफी जरा घाईनं प्यायले. ब्रामला मात्र हे बसणं सोसेना. धुक्यातसुद्धा आपली दुर्बीण कशी चालते, हे एकदा गुपचूप बघून घ्यावं, म्हणून तो बंदूक उचलून बाहेर पडला. चुन्याच्या रेघेवर उभा राहिला, आणि कुणी बघत नाही म्हटल्यावर एक काडतूसही आत सरकवलं.

अवतीभवती सगळं पांढरं होतं आणि कसलाही आवाज नव्हता. रूळ पुढं धुक्यात जाऊन विरघळले होते.

मग श्वास आला. मोठा, ओला, घरघरता.

'ऊम सारेल,' ब्राम मनात म्हणाला, 'मी तुमच्या शवपेटीला खांदा दिलाय हो!' त्यानं दुर्बीण डोळ्याला लावली. आधी पांढरं दिसलं, मग राखाडी, मग एकदम काळं. काळ्यात एक डोळा होता, ताटाएवढा, ओला.

आणि त्या डोळ्याची पापणी हलली!

शेडपर्यंत तो कसा पोचला हे त्याला आजही सांगता येत नाही.

"पाद्रीबुवांनी... पापणी..."

"डोळा मारला की काय तुला?" कुणीतरी ओरडलं, आणि शेडचा पत्रा हसण्यानं हादरला. एकटी टॅनी हेस्टर हसली नाही. तिनं नवऱ्याची जुनी टोपी खुंटीवरून काढून छातीशी धरली.

"काचेचा डोळा आहे तो, गाढवा!" ऊम फान काठी टेकत उठले. "आणि याच्या भरवशावर मी रेड्यामागं जायचं? चल, दाखवतो तुला. बंदूक घे, नाहीतर वाटेत फुलपाखरू भेटलं तर काय करशील?"

म्हातारा काळा कोट सावरत धुक्यात शिरला. मागं ब्राम. त्याच्या बंदुकीत ते काडतूस तसंच होतं आणि त्याच्या डोक्यातून ते केव्हाच निघून गेलं होतं. बाकीची मंडळी मजा बघायला मागून येत होती, पण फार मागून.

रुळांच्या टोकाशी काळी आकृती उभी होती. ऊम फाननं तिच्या कपाळावर काठी हाणली. टक! टक!

"सागवानापेक्षा टणक लाकूड आहे. ऐकलंस? आता याला श्वास..."

फुस्स्स.

म्हाताऱ्याच्या टोपीवरून वाफ गेली. पाद्रीबुवांच्या पलीकडून दुसरं एक डोकं सावकाश वर आलं. शिंगांवर वाळलेला चिखल होता आणि कान फाटका होता. त्यानं आधी पाद्रीबुवांचं नाक प्रेमानं चाटलं, मग ऊम फानकडं पाहिलं.

"ब्राम," ऊम फान अगदी हळू, मोठ्या आदरानं म्हणाले, "हा पाद्री कुठला?"

कळपानं हाकललेला म्हातारा रानरेडा होता तो! शेजारच्या रानातून कुंपण मोडून आला असावा आणि सोबत मिळाली म्हणून रोज पहाटे इथं येऊन उभा राहत असावा. आता त्याच्या सोबत्याला कुणीतरी काठीनं मारलं होतं. त्यानं मान खाली घातली आणि पायानं माती उकरली. ऊम फानचे गुडघे ऐन वेळी संपावर गेले. ना पुढं, ना मागं.

ब्रामनं बंदूक खांद्याला लावली. दुर्बिणीत काळं! बंदूक डावीकडं नेली, काळं! उजवीकडं नेली, तिथंही काळंच, फक्त केस जरा मोठे! चोवीसपट काळोख होता तो. यातला रेडा कुठला, लाकूड कुठलं आणि सासऱ्याचा कोट कुठला? त्यानं दुर्बिणीचं कडं फिरवायला घेतलं, तर थंडीनं ते गच्च बसलेलं. बोट चापावर होतं आणि कानात मार्लीझ बोलत होती, माझ्या बापाला जिवंत आण. आयुष्यात पहिल्यांदाच ब्रामला खरीखुरी भीती वाटली. रेड्याची नव्हे, स्वतःची.

"मार की!" ऊम फान कुजबुजले.

"तुम्ही कुठले ते दिसत नाही!"

"मी टोपीवाला!"

"टोपी दिसत नाही! एकच केस दिसतोय!"

रेडा निघाला. ब्रामनं नळी सरळ आभाळाकडं केली आणि चाप ओढला. पण सवय जाते कुठं! आभाळ मारतानाही त्यानं डोळा दुर्बिणीला चिकटवूनच ठेवला होता. बंदुकीनं लाथ घातली आणि दुर्बिणीचं लोखंडी कडं खाडकन भुवईवर बसलं.

त्यानंतर ब्रामच्या तोंडून जो आवाज निघाला, तो माणसाचा नव्हता आणि जनावराचाही नव्हता. मागं आलेली मंडळी आल्या पावली पळाली. त्यातल्या दोघांनी वाटेत देवाची प्रार्थना म्हटली. आणि बंदुकीच्या बारालासुद्धा न थांबलेला तो रेडा त्या किंकाळीनं जागच्या जागी वळला, शेपूट वर केली, आणि झुडपं मोडत डोंगराकडं दिसेनासा झाला. बराच वेळ लांबून फांद्या तुटल्याचे आवाज येत राहिले.

धुक्यात तिघंच उरले. रक्तानं माखलेला ब्राम, ऊम फान आणि पाद्रीबुवा.

"ऊम, जिवंत आहात ना?" ब्रामनं विचारलं.

"आहे. तू?"

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात ब्राम भुवईवरची पट्टी काढून टाके दाखवत होता. "शिंग! जरासं चाटून गेलं!" लोक कौतुकानं माना डोलावत होते. एवढ्यात विकुस पुढं आला. त्यानं हॅट वर सरकवली. त्याच्या भुवईवर जुन्या जखमेची तश्शीच चंद्रकोर होती. शेजारच्या म्हाताऱ्यानंही हॅट सरकवली. तिथंही चंद्रकोर! मग एकामागून एक हॅटा वर जात राहिल्या, आणि ब्रामनं पट्टी परत चिकटवली.

तिघं घरी निघाले. मार्लीझ गाडी चालवत होती. म्हातारा खाकरला.

"दिसत नसताना तू गोळी घातली नाहीस. मी असतो तर घातली असती. हिवाळ्यात माझ्यामागं तूच यायचंस."

ब्रामचा ऊर भरून आला. "ऊम, दुर्बीण मी उद्याच परत करतो! नुसती माशी ठेवतो!"

"दुर्बीण कर परत," ऊम फान म्हणाले. "आणि बंदूकही आणू नकोस. नुसता ओरडायला ये."