जोडरुळावरचे रामूतात्या

आमच्या सांगलीत एक रूळ ओलांडायला मला रोज अर्धा तास लागायचा, आणि त्या रुळावरनं गाडी जायची वर्षातनं एकदा. खोटं वाटतंय ना? मग तुम्ही आमच्या शेजारच्या रामूतात्यांना बघितलंच नाही! तात्या म्हणजे रिटायर झालेले सांधेवाले, गाडीला या रुळावरनं त्या रुळावर घालणारे. मी कॉलेजला निघाले की हे रुळाकडेला हात आडवा धरून उभे.

"थांब पोरी. लाइन किलेर न्हाई."

रुळात गुडघाभर गवत. त्यात एक म्हैस डोळे मिटून बसलेली.

"आवं तात्या, गाडी कुठाय?"

"म्हस हाय न्हवं? ती उठंल, मग जा. रूळ हाय त्यो, पाणंद न्हवं."

हा जोडरूळ म्हणजे जुन्या शेडपासनं मोठ्या स्टेशनापर्यंतचा मैलभर तुकडा. पूर्वी त्यावरनं हळदीचे डबे जायचे. तात्या म्हणायचे, गाडी गेली की वाळत घातलेली धोतरं पिवळी व्हायची. मग मोठी लाइन आली आणि हा रूळ झोपला तो झोपलाच. जागा व्हायचा फक्त दसऱ्याला. शेडमधलं छोटं वाफेचं इंजिन झेंडूच्या माळा घालून पूजेला मोठ्या स्टेशनात जायचं, कोवळ्या उन्हात उसाच्या कडेकडेनं, झोपेत चालल्यासारखं.

त्या वर्षी रेल्वेचे साहेब सांगून गेले, "यंदा इंजिन अडकलं, तर रूळ उचलणार."

तात्यांचं अन्नपाणीच तुटलं. दसऱ्याला झुंजुमुंजू असतानाच त्यांनी घरातलं डबाभर तेल सांध्यात ओतलं. उजाडलं तर सांध्यावर अख्ख्या सांगलीतले मुंगळे! इंजिन येऊन फुसफुसत उभं, आणि सांधा फिरवायचा खटका काही हलेना.

काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, सांध्याला बोट लावून चाटलं.

"तेल चुलीमागं हाय. ही माजी काकवी. पोळीसंगं खायाची का रुळासंगं?"

तात्या खटक्याला लोंबकळले, तरी तो हलेना. काकूंनी ते बघितलं आणि वस्तीकडं वळून म्हणाल्या, "बंब उचला रं समद्यांनी."

अख्ख्या वस्तीचं दसऱ्याच्या आंघोळीचं कढत पाणी त्या सांध्यावर गेलं. आम्ही सगळे पारोसे, धुरानं डोळे चुरचुरतायत, आणि वाफेत सांधा हळूच सरकला.

ड्रायव्हर म्हणाला, "तात्या, या की वर."

"न्हाई गड्या. निशाण कोन दावनार?"

काकू हळू म्हणाल्या, "लगीन झाल्यावर म्हनला हुता तुमी, जोडीनं गाडीत बसू. तुमची ड्युटी कवा सुटलीच न्हाई. द्या हिकडं निशाण, मी दावते. तुमी तरी जावा."

तात्यांनी निशाण दिलं नाही. लांबवर मोकळ्या पडलेल्या रुळाकडं बघत राहिले.

"आज निशाणाबिगर जाईल," ते म्हणाले.

मग ते वर चढले, हात देऊन काकूंना ओढून घेतलं, आणि कोळशानं काळ्या झालेल्या फळीवर लाल आणि हिरवं, दोन्ही निशाणं त्यांना बसायला अंथरली.