शेवाळाची मोजणी

आमचे शेजारी सदाभाऊ रोज सकाळी चहाच्या आधी शेवाळ मोजतात. त्यांच्या पडवीत तीन फूट लांबीची काचेची पेटी आहे. तिच्यात खारं पाणी आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. सदाभाऊ काचेवर पट्टी धरतात, शेवाळ काल कुठवर होतं आणि आज कुठवर आलं ते पाहतात आणि आलेखाच्या कागदावर नकाशा काढतात. नकाशाला उत्तर दिशा असते, प्रमाण असतं, खाली सही असते.

खरा समुद्र तिथून दोनशे पावलांवर आहे. तरी पेटीसाठीचं मीठ पुण्याहून पाकिटातून येतं आणि विहिरीच्या पाण्यात तोलून मिसळलं जातं.

"दर्याचा पाणी फुकट गावता," मी एकदा म्हटलं.

"गावता. पण तेची मोजणी कोणी केली?"



सदाभाऊ जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले. 'आधी मोजणी, मगे बोलणी' हे त्यांचं वाक्य तालुक्याला पाठ आहे. एकदा एका लग्नात मंडप तिरका असल्याचं त्यांनी अक्षता पडायच्या आधी वधूपित्याच्या कानावर घातलं. मंडप तिरका होता हे नंतर सगळ्यांनी मान्य केलं. पुढच्या लग्नाला त्यांना कोणी बोलावलं नाही.

निवृत्तीनंतर हात रिकामे झाले तेव्हा त्यांनी स्वतःचीच जमीन मोजली. धाकटा भाऊ बाबल शेजारच्या घरात राहतो. मधला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची बुटकी भिंत, बाबलने घातलेला. तो सदाभाऊंच्या हद्दीत दीड वीत आत निघाला. सदाभाऊंनी सख्ख्या भावाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ती तालुक्याला जाऊन आली आणि नऊ पावलांवरच्या घरात पोचली. बाबलने सही करून घेतली. याला सहा वर्षं झाली. गडगा जागेवर आहे, सदाभाऊंनीही पुढे काही केलं नाही. फक्त दोघांचं बोलणं थांबलं.

तेव्हापासून ते माझ्यामार्फत बोलतात. म्हणजे गडग्याच्या दोन बाजूंना उभे राहतात, एकमेकांना स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'तेका सांग' म्हणतात. मी नुसता उभा असलो तरी चालतं.

सदाभाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, वारल्यावर त्यांच्या घरात आवाज असा उरला नाही. पेटी त्यानंतरची. कशाला आणली, असं मी विचारलं तर म्हणाले, "पाण्याक हद्द घालूक येता काय, बघतंय."

पेटी बघायला गाव आलं. आमच्याकडे माशाबद्दल एकच प्रश्न असतो. "हे खातत काय?" नाही, असं कळल्यावर लोक चहा पिऊन गेले.

दुसऱ्या आठवड्यात पेटीतल्या वाळूवर धुळीसारखं तपकिरी शेवाळ धरलं. नव्या पेटीत असं होतंच, थोडं थांबा, असं विकणाऱ्याने फोनवर सांगितलं. सदाभाऊ म्हणाले, "अतिक्रमण सुरवातीकच काढूचा लागता." दात घासायच्या ब्रशने त्यांनी ते काढलं. तपकिरी गेलं आणि हिरवं आलं, केसांसारखं लांब. त्यांनी दिवा कमी वेळ लावला, माशांचं खाणं अर्ध्यावर आणलं, पाणी बदललं. विहिरीच्या नव्या पाण्यावर शेवाळ आणखी तरारलं. नकाशावरची लाल पेन्सिल चारही काचांवर फिरली. मासे आत आहेत हे आता विश्वासावर मानायचं होतं.

बाबल मासेमारी करतो. त्याने गडग्यावरून दोन दिवस हे घासणं पाहिलं आणि मला म्हणाला, "तेका सांग, शेवाळाक दात नसतत."

तिसऱ्या दिवशी त्याने गडग्यावर एक डबा ठेवला. "तेका सांग, खडपातले घुले आसत. शेवाळ चरतत. सात आसत, मोजून घे म्हण."

डब्यात समुद्राच्या खडकांवरच्या, सुपारीएवढ्या शंखांच्या गोगलगायी होत्या. सदाभाऊंनी त्या मोजल्या आणि पावती लिहिली: 'जिवंत शंख, नग सात, सुस्थितीत मिळाले.' मी ती पोचवली. बाबलने वाचली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

घुल्यांनी महिन्याभरात पेटी साफ केली. सदाभाऊंनी कोऱ्या नकाशावर सही केली. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण पुढच्या आठवड्यात घुले काचेवरून सुटून पडू लागले. एके सकाळी त्यातला एक वाळूवर उताणा दिसला. शंख रिकामा होता.

"खाऊक नाय तेंका," मी म्हटलं. "खडपात परत सोडा. दोनशे पावलां."

सदाभाऊंनी तो शंख बाहेर काढून तळहातावर घेतला. "बाबलान दिलेले. परत सोडले तर तेका काय वाटात?"

सहा वर्षांत त्यांच्या तोंडून मी बाबलचं नाव ऐकलं नव्हतं.

त्यानंतर पेटीचा दिवा सकाळी लवकर लागू लागला आणि रात्री उशिरा विझू लागला. माशांना खाणं दुप्पट पडू लागलं. काही दिवसांनी पाहिलं तर मागची काच हिरवीगार होती आणि बाकीच्या तीन लख्ख. सदाभाऊ ब्रश घेऊन त्या तीनच घासत होते. हात थकले असतील, असं मी समजलो.

त्यांनी मला त्या दिवसाचा नकाशा दाखवला. मागच्या काचेवर लाल पेन्सिल नव्हती. तिथे हिरव्या रेघा होत्या आणि सरकारी अक्षरात 'गुरचरण' असं लिहिलं होतं. गावच्या गुरांना चरायला राखून ठेवतात त्या जमिनीला हा शब्द आहे. खाली धारकाचं नाव लिहायची जागा होती. तिथे 'सामाईक' होतं.

मी कागद परत दिला. तेवढ्यात गडग्यापलीकडून बाबलचा आवाज आला, अर्थात मला. "तेका इचार, घुले सगळे जिते आसत मां?"

मी तोंड उघडलं. सदाभाऊंनी हात वर करून मला थांबवलं. ते पेटीमागे वाकले आणि काचेवर एकेक बोट ठेवत त्यांनी घुले मोजले. सकाळी मोजले होतेच. मग पडवीच्या कडेला जाऊन उभे राहिले.

"सहा आसत रे," ते म्हणाले. "एक गेलो."

मला कोणी काही सांगायला सांगितलं नाही.

"उद्या दुसरो हाडतलंय, दादा," बाबल म्हणाला.