चोवीस शब्दांचा डबा

तिसऱ्यांदा आकडा चुकला तेव्हा यंत्राने कसलाही आरडाओरडा केला नाही. त्याचा बोटभर पडदा क्षणभर काळा झाला, पुन्हा उजळला आणि त्यावर नम्र इंग्रजीत स्वागताचा मजकूर आला. जयवंत चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. हे यंत्र गेले तीन महिने याच घरात, याच कपाटात राहत होतं. आणि आता पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं म्हणत होतं, या, आपण सुरुवात करू.

जयवंत एकतीस वर्षं बँकेच्या लॉकर विभागात होते. तिजोरी कुठलीही असो, तिच्याशी कसं वागायचं हे आपल्याला कोणी शिकवू नये, असं त्यांचं म्हणणं. मुलगा कौस्तुभ चार दिवस ऑफिसच्या कामाला बंगळूरला गेलेला, सून विनिता सकाळीच पेशंटकडे. घरात तिजोरी आहे आणि तिची तपासणी झालेली नाही, ही गोष्ट त्यांना दोन दिवस टोचत होती. त्यांनी आधी कौस्तुभची जन्मतारीख घातली. मग विनिताची. मग यंत्राने बजावलं, आता एकच संधी उरली आहे. शेवटच्या संधीची असली पत्रं जयवंतांनी नोकरीत शेकड्याने पाठवली होती; त्यांचा अर्थ कोणी मनावर घेत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने त्या दोघांच्या लग्नाची तारीख घातली.

आता ते खोक्यातली घडीपत्रिका काढून वाचायला बसले. तीनदा आकडा चुकल्यास यंत्र आतलं सगळं पुसून टाकतं, म्हणजे ते चोराच्या हाती लागलं तरी भीती नाही, असं तिथे लिहिलं होतं. ‘चोर’ हा शब्द जयवंतांनी दोनदा वाचला.

कौस्तुभ गेली सात वर्षं पगारातून थोडं थोडं बिटकॉइन घेत होता. ते आधी एका ऑनलाइन बाजारात, त्या बाजारवाल्यांच्याच ताब्यात पडून असे. मग तसला एक बाजार रातोरात दार लावून बसल्याची बातमी आली आणि कौस्तुभने ठरवलं, आपली तिजोरी आपल्या घरात. यंत्र निवडायला त्याने तीन आठवडे घेतले. कुठलं बिनतारी, कुठलं बोटाचा ठसा घेणारं, कुठल्याला स्वतःचा पडदा आहे आणि कुठल्याला नाही.

“एवढी चौकशी तू लग्नाच्या वेळी केली नाहीस,” त्याची आई लतिका म्हणाली होती.

शेवटी त्याने साधंच घेतलं. दोन बटणं, छोटा पडदा. तेही थेट बनवणाऱ्या कंपनीकडून. वापरलेलं स्वस्तात मिळत होतं, पण आधीच्या मालकाने आत काय करून ठेवलंय कोणाला माहीत. खोक्याचं सील जयवंतांनी भिंग लावून तपासलं.

“पण ह्यात पैसे मावतात कसे?” लतिकाबाईंनी विचारलं.

“आई, पैसे ह्यात नसतातच. ही नुसती किल्ली. यंत्र हरवलं, फुटलं, तरी ह्याने पहिल्या दिवशी दिलेले हे चोवीस इंग्रजी शब्द ह्याच क्रमाने असले की नव्या यंत्रात सगळं परत येतं. शब्द गेले तर मग संपलं. ना बँक काही करू शकते, ना सरकार.”

“आणि कोणी मागितले तर?”

“द्यायचे नाहीत. कंपनीतून बोलतोय म्हणाला तरी नाही. उद्या बाबांनी मागितले तरी नाही!”

“मला का नाही?” जयवंत ताठ बसले.

“उदाहरण दिलं हो, बाबा.”

शब्द कागदावर होते, आणि कागदाचा भरवसा त्या घरात कोणालाच नव्हता. मागे माणिकपुरात पाणी भरलं तेव्हा तळमजल्यावरच्या त्यांच्या घरात रेशनकार्डाचा लगदा झाला होता. कौस्तुभ म्हणाला, शब्द कोरायला पोलादी पट्टी मिळते, परदेशातून मागवावी लागेल. किंमत ऐकून लतिकाबाई हसल्या.

“काळूरामच्या भांड्यांच्या दुकानात नावं घालायचं मशीन आहे. माझ्या रुखवताच्या भांड्यांवरची नावं चव्वेचाळीस वर्षं घासतेय मी, एक काना गेला नाही.”

“पण आई, काळूराम वाचेल ना!”

“तो जेवायला जातो तेव्हा मी बसेन मशीनवर. मला येतं.”

आणि त्या खरंच बसल्या. स्टीलचा उभा डबा घेतला, टेलिफोन खात्यातल्या पहिल्या पगारातून आणलेला, आणि त्यावर चार ओळींत गोल फिरवत चोवीस शब्द कोरले, तेही मराठी अक्षरांत. लेमन, लॅडर, टायगर, अंकल, अंब्रेला... लांबून पाहणाऱ्याला वाटावं, चोवीस जणांनी मिळून दिलेला आहेर आहे. डबा फडताळात बाकीच्या डब्यांत जाऊन बसला. कौस्तुभ कागदही जपून ठेवणार होता, पण जयवंत म्हणाले, “दोन प्रती म्हणजे दोन वाटा. जाळ.” आणि त्यांनी स्वतः चिमट्यात धरून तो गॅसवर जाळला.

ते सगळं आठवून जयवंत स्वयंपाकघरात गेले. घाबरण्यासारखं काही नव्हतं. यंत्र कोरं झालं असलं तरी डबा होता. कौस्तुभ यायच्या आत आपणच शब्द भरू, यंत्र पूर्ववत करू, कोणाला कळायचंही नाही. सोमवारी विनिताला चर्चसमोरच्या गाळ्याचं डिपॉझिट भरायचं होतं, तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यासाठी. आठ वर्षं लोकांच्या घरी जाऊन गुडघे चोळल्यावर मिळत असलेला गाळा. आणि ते पैसे यातूनच निघायचे होते.

फडताळात डबा नव्हता.

“अगं, तो उभा डबा कुठाय?”

“लुसीकडे,” लतिकाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “दिवाळीत चकल्या दिल्या नव्हत्या का?”

“त्याच डब्यात?”

“चकल्या त्यातच नीट राहतात. इतर डब्यांत मोडतात.”

जयवंतांनी खुर्चीचा आधार घेतला. “दिवाळी होऊन महिना झाला. तो परत का नाही आला?”

“ती रिकामा कसा पाठवेल? काहीतरी घालून देईल, सवड झाली की. तुम्हाला आज डब्याची आठवण कशी?”

“सहज. चल, जाऊन घेऊन येऊ.”

लतिकाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांत त्या माणसाने भांडं हरवलं की सापडलं, याची चौकशी केली नव्हती. मग त्यांनी भाजी बाजूला सारली. पदर खोचून स्कूटरवर मागे बसल्या.

सांडोरला लुसीच्या अंगणात वांग्याची रोपं पाण्याने निथळत होती. लुसी आणि लतिका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वीस वर्षं शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलेल्या. ट्रंक कॉल जोडायचे दिवस ते. दोघी भेटल्या की पहिली दहा मिनिटं नंबरांतच जात.

“आगाशीचा तो केळीवाला आठवतो? दोन-सात-चार,” लुसी म्हणाली.

“दोन-सात-एक. दोन-सात-चार म्हणजे सुतारांची वखार. मुलीच्या लग्नाचं रडून सांगायचा तो केळीवाला.”

“काय सांगायचा गं?”

“ते नाही सांगणार. बोर्डावर ऐकलेलं बोर्डावरच.”

“रिटायर होऊन किती वर्षं झाली, तरी हिचं तोंड उघडत नाही!” लुसी जयवंतांना म्हणाली.

“लुसीताई, आमचा डबा,” जयवंत म्हणाले.

“अय्या, डब्यासाठी आलात? मला वाटलं मला बघायला आलात.”

“दोन्ही, दोन्ही.”

“डबा नंदाखालला आहे, आमच्या आल्बिनाकडे. म्हटलं, लतिकाला सुकेळी आवडतात, तर डबा तिच्याकडेच दिला भरायला. केळी वाळायला ऊन बरं पडतंय आता. पण बसा तर, फिशकरी होतेय.”

“फिशकरीला पुन्हा येऊ.”

“भाऊजी, फिशकरी सोडून डब्याच्या मागे जाणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतेय,” लुसी म्हणाली आणि लतिकाबाईंना डोळा मारला.

स्कूटर भुईगाव, निर्मळ मागे टाकत निघाली. दोन्ही बाजूंनी केळी, मध्येच नारळाची सावली. मागून लतिकाबाई सांगत होत्या, या वळणावर पूर्वी टांगा उलटला होता, इथे एक विहीर होती, तिचं पाणी गोड. जयवंत मनातल्या मनात शब्द जुळवून बघत होते. लेमन, लॅडर, टायगर. पुढे आठवण अडत होती. पुढचा काका होता की मामा?

आल्बिना पडवीत खाटेवर बसून होती. पंचाहत्तरीची, बारीक, आवाज मात्र चर्चच्या घंटेसारखा.

“ये बाय, ये. भाऊ, बसा. पानी घ्या आधी.”

पाणी झालं. जयवंतांनी डब्याचं नाव काढलं, आणि आल्बिनाने सुकलेल्या केळीच्या पानात बांधलेला पुडा पुढे केला.

“सुकेळी कालच तयार झाली. आठ आहेत. डबा मात्र काळूरामकडे आहे.”

“कुठल्या काळूरामकडे?”

“माणिकपूरचा, भांडीवाला. जानेवारीत आमच्या लेस्टरचं लगीन. घरातली सगळी भांडी पॉलिशला दिलीत. त्यात तुमचाही दिला. म्हटलं, एवढा चांगला डबा, आणि कोणा पोराने त्यावर काहीबाही खरडून ठेवलंय. लुसीने चकल्या खाऊ घातल्या तुमच्या, तर आपणही काही करावं.”

जयवंतांच्या हातातला पेला तसाच राहिला. “काय... काय करावं?”

“घासून गुळगुळीत करायला सांगितलंय. आणि वर बायचं नाव घालायला. नीट अक्षरात!”

“किती छान,” लतिकाबाई मनापासून म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर विहीर, टांगा काही बोलण्यात आलं नाही. जयवंत असे निघाले होते की केळीच्या गाडीवाल्याने त्यांना बाजूला होऊन वाट दिली. त्यांचा हिशेब सरळ होता. लग्न जानेवारीत, आज डिसेंबरचा पहिला आठवडा. घाई कोणाला आहे? काळूराम काम वेळेवर देतो असं आजवर कोणी ऐकलेलं नाही. विनिताच्या मंगळसूत्राच्या वाट्या त्याच्या सोनार भावाने तीन आठवडे लांबवल्या होत्या, आणि हा तर त्याच्याहून संथ.

काळूराम दुकानाच्या दारातच उभा होता. जयवंतांना बघताच तो आत वळला आणि डबा दोन्ही हातांत धरून बाहेर आला.

“काका, आज सकाळीच केला! काकूंचा डबा म्हटल्यावर पहिला हाच घेतला.”

डबा आरशासारखा झाला होता. जयवंतांनी तो फिरवला. लेमन नव्हतं, लॅडर नव्हतं, टायगर नव्हता. त्यांचाच चेहरा लांबट होऊन सगळीकडून त्यांच्याकडे बघत होता. आणि बरोबर त्यांच्या कपाळावर, वेलबुट्टीच्या चौकटीत, सुरेख अक्षरांत कोरलेलं होतं: सौ. लतिका.

“आधी ते खरडलेलं होतं काका, ते घालवायला फार वेळ लागला. खोल गेलं होतं. कोणी केलं होतं ते?”

“मीच,” लतिकाबाई म्हणाल्या. “तू जेवायला गेला होतास तेव्हा.”

जयवंत दुकानातल्या स्टुलावर बसले. आणि तिथे, कुकर आणि कढयांच्या मध्ये, त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तीन तारखा, कोरं झालेलं यंत्र, जाळलेला कागद. “एकतीस वर्षांत माझ्या हातून एक लॉकर चुकीचं उघडलं गेलं नाही गं. आणि घरच्या पोराचं... विनिताला काय सांगू मी?”

लतिकाबाईंनी डबा उजेडाकडे धरला. “वेलबुट्टी छान आलीय. चला घरी. कौस्तुभ आला की बघू.”

त्यांच्या चेहऱ्यावर काळजीची एक रेघ नव्हती. त्यामुळे जयवंत आणखीच घाबरले.

संध्याकाळी कौस्तुभ आला. बूट काढायच्या आत जयवंतांनी त्याला सांगून टाकलं. कौस्तुभ बॅगेवरच बसला. बुटाची नाडी सोडत हळूच म्हणाला, “जाऊ दे, बाबा. विनिताला मी सांगतो.” त्याच्या त्या समजूतदारपणाने जयवंतांना रडूच यायचं बाकी होतं.

“काय सांगतोस तिला?” लतिकाबाई हात पुसत आल्या. “यंत्र आण इकडे. शब्द घाल, मी सांगते.”

“तुला पाठ आहेत?”

“चार हजार नंबर पाठ होते मला. चोवीस शब्दांचं काय कौतुक? लेमन म्हणजे तुझी दापोलीची आत्या. लॅडर म्हणजे उंच मामा. बसवलं मी सगळ्यांना, लग्नात पंगतीला बसवतात तसं. माझं कुणी जागचं हलत नाही.”

जयवंत उठून उभे राहिले. “मग सकाळपासून बोलली का नाहीस? सांडोर काय, नंदाखाल काय!”

“तुम्ही शब्द कुठे विचारलेत? तुम्ही डबा विचारत होतात.”

“बरं, दुकानात तरी? तिथे तर सगळं सांगितलं मी! लेमन, लॅडर, टायगर, मग कोण? काका ना?”

लतिकाबाई थांबल्या. मुलाकडे वळल्या. “कौस्तुभ, तू त्या दिवशी काय म्हणालास? कोणी मागितले तरी नाही. आणि पुढे?”

कौस्तुभ जमिनीकडे बघत म्हणाला, “बाबांनी मागितले तरी नाही.”

“अरे, ते उदाहरण होतं!” जयवंत म्हणाले.

“खरं निघालं,” लतिकाबाई म्हणाल्या, आणि गॅलरीचं दार उघडून धरलं.

एकतीस वर्षं जयवंतांनी माणसांना हेच सांगितलं होतं. नवऱ्यांना, जावयांना, एकदा तर एका आमदाराच्या भावाला. लॉकर ज्यांच्या नावावर, त्यांनीच आत. बाकीच्यांनी बाहेर बाकावर बसावं. वाक्यातला एक शब्द इकडचा तिकडे होत नसे. आता ते स्वतः गॅलरीतल्या खुर्चीवर बसले, मागे दार लागलं, आणि मांडीवर उरला चकचकीत डबा, आत सुकेळी.

दारातून लतिकाबाईंचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. पूर्वी एक्स्चेंजच्या खिडकीबाहेर त्यांची वाट बघताना येत असे तसाच, एका लयीत, न अडखळता. मधूनच यंत्राचं बटण टिकटिकत होतं. मग एकदम कौस्तुभ मोठ्याने हसला. बऱ्याच दिवसांनी तो असा हसला होता. जयवंतांनी डोळे मिटून घेतले.

दार उघडलं. “आलं सगळं,” लतिकाबाई म्हणाल्या. “जिथल्या तिथे आहे. सोमवारी विनिताला डिपॉझिट भरता येईल.”

“लतिका,” जयवंत डबा सावरत म्हणाले, “तू म्हणजे...”

“आता या शब्दांच्या दोन प्रती करायच्या. दोन डब्यांवर. आणि दोन्ही डबे दोन घरांत. द्या तो इकडे.” त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“आठ होती. पाच राहिलीत. ह्याचीही तपासणी केलीत वाटतं?”